पान एकेचाळीस

मुरूडच्या वाचनालयातून पुस्तक घेऊन
ती थेट माझ्या पडवीत आली.
जुलेखा सिद्दी, इयत्ता सातवी,
चपलांना राजपुरीच्या जेट्टीचा चिखल.
पान एकेचाळीस उघडून म्हणाली,
हे तुम्ही काढलंय ना?
कोपऱ्यात मुंगीएवढं: नि. वा. खांबेटे.

मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

'सातव्या लाटेपलीकडे'. पन्नास वर्षं होतील.
समुद्रातला किल्ला, तटावर राक्षस,
होडीत उभा राजपुत्र, वाऱ्यातही न विझणारा दिवा घेऊन.
मुलांनी चिंचेसारखं चोखलेलं पुस्तक,
खळ लावून, दाभणानं दोनदा शिवलेलं.

सर म्हणतात, गोष्टच आहे ती.
किल्ला म्हणजे मन, राक्षस म्हणजे लोभ.
सुयोग म्हणतो, राक्षस म्हणजे तू.
दोघांतलं खरं काय?

आता मी काय सांगणार.
लेखक गेले. त्यांना मी कधी पाहिलंही नाही.
गिरगावातून एक पोस्टकार्ड आलं होतं:
'राक्षस काळा, केस कुरळे, ओठ जाड.
बाकी आपल्या कल्पनेवर सोपवतो.'
त्या बाकीत मी सुळे बसवले.

तेव्हा छपाई एका रंगात.
राजपुत्राला शाई लागायचीच नाही,
कडेनं रेघ फिरवली
की आतला कागद म्हणजे त्याची कांती.
राक्षसाला अर्धी बाटली.
प्रकाशक कुरकुरायचे,
खांबेटे, खलनायक फार महाग पडतो तुमचा.

आणि मनाला बुरूज किती असतात मला ठाऊक नाही.
मी जेट्टीवर बसून, समोर दिसले तेवढे मोजून काढले.

ती वळून बघायला लागली, खाडीच्या तोंडाकडे.
गोष्टीत तो पान साठावर पडतो, म्हणाली.
खरा कुठं पडला?
इतिहासाच्या तासाला या प्रश्नाशी
वर्गातली कुठली मान कुणाकडे वळते,
ते दोघांनाही माहीत होतं.
माड तेवढे बोलत राहिले.

मग तिनं नख ठेवलं राक्षसाच्या कानावर.
डाव्या पाळीला खाच. गळ लागून फाटलेली.
हा आमच्या आजोबांचा कान, म्हणाली.
घरी फोटो आहे.

याकूब.
शिडाच्या होडीतून किल्ल्यावर न्यायचा,
पैसे काढले की सुकाणूकडे बघायचा.
दोन दुपारी माझ्यासमोर बसला, पापणी न हलवता.
एकदाच विचारलं, कसलं चित्र, भाऊ?
म्हटलं, किल्लेदाराचं.
अगदीच खोटं नव्हतं.
पुस्तक छापून आलं. मी त्याला प्रत दिली नाही.
पुढे त्या बाजूला जाणंही
काही ना काही कारणानं राहून गेलं.

पोरी, माझ्या मनात काही नव्हतं गं.
असं म्हणालो, आणि माझंच वाक्य
मला चाचपून बघावंसं वाटलं.
हात कुठं मनाला विचारतो?
त्याला वळण असतं, बाराखडीसारखं,
कुणीतरी पाटीवर गिरवून घेतलेलं.

सुळे काढा, ती म्हणाली.
पुस्तक वाचनालयाचं आहे.
मग दंड तुम्ही भरा.

टाक सापडला. शाईचं ढेकूळ झालेलं,
बशीत पाणी घालून पातळ केलं.
आणि टोक टेकवताना लक्षात आलं:
सुळे म्हणजे मीच सोडलेला कोरा कागद.
ते बुजवून माणूस करायचा
तर काळीच शाई हवी,
आहे त्याहून थोडी अधिक.

डावा गेला. ओठ मिटले.
उजव्याला हात कापला,
एक ओघळ हनुवटीवर उतरला.

ती वाकून बघत होती.
दाढी वाटतेय, म्हणाली. आजोबांना नव्हती.
टिपकागद शोधायला उठलो, तर म्हणाली,
असू दे.

पुस्तक उघडंच धरून,
फुंकर घालत घालत, 
जेट्टीच्या रस्त्याला लागली.